आयोवाचा पास नेमका कुठे अडतो? (४४ यार्डांच्या निमित्ताने)

मक्याच्या_शेतातून | ३१ ऑगस्ट २०२५

काल आमचे हॉकाइज, म्हणजे आयोवा विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ, जिंकले, ३४-७. समोर ऑल्बनी होतं, म्हणजे खालच्या डिव्हिजनचा संघ. तरी किनिकच्या (आमच्या स्टेडियमच्या) पार्किंगमधून गाडी बाहेर काढायला जी पाऊण तास रखडपट्टी झाली, त्यात आजूबाजूच्या उघड्या काचांमधून एकच आकडा ऐकू येत होता: ४४. नव्या क्वार्टरबॅकने (पास टाकणाऱ्या गड्याने) अख्ख्या मॅचमध्ये पास टाकून मिळवलेले यार्ड. १५ पास टाकले, ८ पोचले, यार्ड ४४. मैदान शंभर यार्डांचं असतं. पूर्ण मॅचमध्ये अर्ध्या मैदानाएवढाही चेंडू हवेतून गेला नाही.

इथे आपले बरेच लोक अमेरिकन फुटबॉल बघतात हे माहीत आहे, म्हणून धागा काढतोय. न बघणाऱ्यांनीही वाचा, कारण हा प्रश्न फक्त खेळाचा नाही.

मी पहिल्यांदा किनिकमध्ये गेलो तो दिवस ३ सप्टेंबर २०२२. मुलगा आठ वर्षांचा होता. साउथ डकोटा स्टेटविरुद्ध मॅच. पहिला क्वार्टर संपल्यावर सगळं स्टेडियम उभं राहून शेजारच्या लहान मुलांच्या हॉस्पिटलच्या खिडक्यांकडे हात हलवतं, ते बघून आम्ही दोघं भारावलो. त्यानंतर भारावण्यासारखं काही घडलं नाही. मॅच आयोवाने जिंकली ७-३. घरी येऊन मित्राला स्कोअर कळवला तर तो म्हणाला, वा, एक टचडाऊन तरी झाला! (टचडाऊन म्हणजे चेंडू समोरच्याच्या टोकाच्या पट्ट्यात, एंड झोनमध्ये, नेणं; पुढची किक धरून सात गुण.) नाही हो. एक फील्ड गोल (खांबांमधून मारलेली किक) ३ गुणांचा, आणि दोन सेफ्टी प्रत्येकी २ गुणांच्या. सेफ्टी म्हणजे प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच एंड झोनमध्ये लोळवणं, म्हणजे ते गुणसुद्धा डिफेन्सचे. आमच्या ऑफेन्सची, म्हणजे चेंडू घेऊन चढाई करणाऱ्यांची, दिवसभराची कमाई तीन. मुलगा शेवटपर्यंत विचारत होता, "बाबा, टचडाऊन कधी होणार?"

त्या मोसमात एकूण यार्डांत आयोवा १३१ संघांत १३०वा होता. पुढच्या वर्षी, २०२३ मध्ये, १३३ संघांत थेट शेवटचा. आता गंमत बघा. त्याच २०२३ मध्ये संघ १० मॅच जिंकला आणि बिग टेनचा (आमच्या लीगचा) पश्चिम विभागही जिंकला. हरला चार, आणि त्यातल्या तिघांत भोपळा: पेन स्टेट ३१-०, मिशिगन २६-०, टेनेसी ३५-०.

दोष द्यायला क्वार्टरबॅक सोपा असतो, टीव्हीवर सारखा त्याचाच चेहरा दिसतो. आमच्या स्पेन्सर पेट्रसला २०२२ मध्ये लोकांनी त्याच्याच मैदानात हुर्यो केली. तो पुढे यूटा स्टेटला गेला आणि तिथे त्याचे आकडे कितीतरी बरे झाले. केड मॅकनमारा २०२१ मध्ये मिशिगनला राष्ट्रीय विजेतेपदाच्या प्लेऑफपर्यंत घेऊन गेला होता. त्याच वर्षीच्या बिग टेन फायनलमध्ये त्याच्या संघाने आमची ४२-३ अशी धुलाई केली. तोच २०२३ मध्ये आमच्याकडे आला आणि आमच्यासारखाच झाला (गुडघाही गेला बिचाऱ्याचा, तो भाग वेगळा). आणि आता मार्क ग्रोनोव्स्की. खालच्या डिव्हिजनमध्ये दोनदा राष्ट्रीय विजेता, तिथल्या ऑफेन्सच्या सर्वोत्तम खेळाडूचा २०२३ चा वॉल्टर पेटन पुरस्कार त्याच्या नावावर. माझ्या पहिल्या मॅचमध्ये साउथ डकोटा स्टेटचा क्वार्टरबॅक कोण होता? हाच! चौथ्या क्वार्टरमध्ये आमच्या पोरांनी ज्याला त्याच्याच एंड झोनमध्ये आडवा पाडून दोन गुण घेतले, तो आज आमची जर्सी घालून ४४ यार्ड काढतोय.

माणसं बदलतात, पास सुधारत नाही. मला यावर जे वाटतं ते सांगतो, चुकलो तर धरा: आयोवाचा पास वाईट आहे, कारण आयोवा जिंकतो.

कर्क फेरेंट्झ १९९९ पासून मुख्य प्रशिक्षक. त्यांचा हिशोब साधा आहे. डिफेन्स उत्तम (फिल पार्कर २०१२ पासून सांभाळतात, २०२३ मध्ये त्यांना देशातल्या सर्वोत्तम सहायक प्रशिक्षकाचा ब्रॉयल्स पुरस्कार मिळाला), पंटर (चेंडू लांब लाथाडून देणारा) उत्तम, मग आपण चूक न करणं एवढंच काम. पास टाकला की तीन गोष्टी होऊ शकतात, त्यातल्या दोन वाईट, ही जुनी म्हण इथे धर्मवाक्य आहे. म्हणून पास कधी? नाइलाज झाला की. तिसऱ्या डाऊनला, आठ-नऊ यार्ड हवे असताना, समोरच्या अकराही जणांना पास येणार हे माहीत असताना.

माझी आई पुरणपोळी वर्षातून एकदाच करायची, होळीला, आणि दरवर्षी पहिल्या चार फुटायच्या. मग म्हणायची, माझ्या हाताला पुरणपोळीच येत नाही. अगं, रोज लाटली असतीस तर आली असती.

---

पेठेतला_पंत | ३१ ऑगस्ट

लेख आवडला, पण मला डाऊन म्हणजे काय हेच कळत नाही. भाचा पर्ड्यूला शिकतो, तो फोनवर असलं काहीतरी बोलतो आणि मी हं हं करतो.

---

मक्याच्या_शेतातून | ३१ ऑगस्ट

पंत, कबड्डी बघता ना? दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'डू ऑर डाय'. चढाईपटूला काहीतरी आणायलाच लागतं, आणि समोरचे सात जण त्याची वाटच बघत असतात. इथे चार प्रयत्नांत दहा यार्ड जायचं असतं, पण चौथा प्रयत्न बहुतेक वेळा चेंडू लांब लाथाडून देण्यात जातो. तो पंट. म्हणजे खरे प्रयत्न तीन. पहिल्या दोन डाऊनला चेंडू घेऊन पळालात आणि दोन-तीन यार्डच मिळाले, की तिसरा 'डू ऑर डाय'. आयोवाचे पास बहुतेक या तिसऱ्यात येतात. आणि आठ हवे असताना पाचावर पकडणाऱ्याला पास! इथल्या जुन्या लोकांच्या शिव्यांचा हा सगळ्यात लाडका विषय.

भाच्याला चार्ली जोन्स हे नाव विचारा. मग बघा किती बोलतो ते.

---

म्हापशेकर | ३१ ऑगस्ट

धाग्याचं नाव वाचून धावत आलो. पास अडतो म्हटल्यावर मला वाटलं मिडफिल्डचा विषय. इथे तर चेंडू हातात धरून पळतायत! फुटबॉल आमचा, नाव तुम्ही पळवलंत. असो, चालू द्या, वाचतोय. आमच्याकडेही एक गोल झाला की सगळे मागे येऊन बसणारे प्रशिक्षक पाहिलेत, त्यामुळे रोग ओळखीचा आहे.

---

सीडर_रॅपिड्सचे_काका | १ सप्टेंबर

मी इथे १९९६ पासून आहे. फेरेंट्झच्या आधीचे प्रशिक्षक हेडन फ्राय यांचे शेवटचे मोसम पाहिलेत. तेव्हा पास टाकायला कोणी घाबरत नव्हतं. तुम्ही एवढं गोल गोल का लिहिताय? सरळ म्हणा ना, घराणेशाही! बाप मुख्य प्रशिक्षक आणि मुलगा ब्रायन २०१७ ते २०२३ ऑफेन्सचा प्रमुख. नियमात बसावं म्हणून कागदोपत्री मुलगा बापाला नाही, अ‍ॅथलेटिक डायरेक्टरला रिपोर्ट करणार. आपल्याकडच्या साखर कारखान्यांत याहून वेगळं काय असतं?

---

मक्याच्या_शेतातून | १ सप्टेंबर

काका, राग समजतो. पण ४ नोव्हेंबर २०१७ आठवा. ओहायो स्टेटला आपण ५५-२४ असं लोळवलं, तेव्हाचा क्वार्टरबॅक नेट स्टॅन्लीने ५ टचडाऊन पास टाकले. ऑफेन्सचा प्रमुख तेव्हाही ब्रायनच. स्टॅन्लीने २०१७ मध्ये २६ टचडाऊन पास टाकले आणि २०१८ मध्ये पुन्हा २६. तीच वही, तेच डाव. मग फरक कुठे पडला?

माझ्या मते सुरुवात क्वार्टरबॅकसमोर भिंत करून उभ्या राहणाऱ्या पाच जाड्यांपासून झाली. स्टॅन्लीपुढे ट्रिस्टन वर्फ्ससारखा माणूस होता, जो पुढे एनएफएलच्या (व्यावसायिक लीगच्या) खेळाडूनिवडीत पहिल्या फेरीत गेला. २०२१ पर्यंत मध्ये टायलर लिंडरबॉम होता, तोही पहिल्या फेरीतला. तो गेल्यावर भिंत पोकळ झाली. क्वार्टरबॅकला स्नॅपनंतर (चेंडू हातात आल्यावर) साधारण अडीच सेकंद हवी असतात. तेवढी मिळाली नाहीत की चांगला हातसुद्धा घाबरतो. एकदा घाबरला की भिंत टिकलेली असतानाही पाय नाचायला लागतात. पेट्रसचं हेच झालं.

दुसरं म्हणजे आपली पद्धत. क्वार्टरबॅक सेंटरच्या (भिंतीतल्या मधल्या गड्याच्या) पाठीला चिकटून उभा राहतो, चेंडू घेतो, पाठ वळवून धावणाऱ्याला दिल्यासारखं करतो आणि मग गर्रकन फिरून पास टाकतो. हा प्ले-अ‍ॅक्शन. बघायला देखणा. पण त्या सेकंदभर त्याची पाठ मैदानाकडे असते. समोरचे लाइनबॅकर (डिफेन्सची दुसरी फळी) या हुलकावणीला फसले तरच त्यांच्या मागे जागा रिकामी होते, आणि ते फसणार कधी? तुमच्या धावण्याची भीती असेल तेव्हा. २०२२ आणि २०२३ मध्ये आपण धावतही नव्हतो. मग ते जागचे हलतच नव्हते, आणि आपला गडी फिरून बघतो तर चार जण अंगावर. नुसत्या हुलीने कोणी गारद होत नसतं.

---

आकडेमोड | १ सप्टेंबर

घराणेशाहीपेक्षा मला तो करार जास्त मजेशीर वाटतो. २०२३ च्या फेब्रुवारीत ब्रायन यांचा पगार ९ लाख डॉलरवरून साडेआठ लाख केला आणि अट घातली: संघाने मोसमात सरासरी २५ गुण करायचे आणि किमान ७ मॅच जिंकायच्या. १३ मॅच धरल्या तर ३२५ गुण. लोकांनी त्याची 'ड्राइव्ह फॉर ३२५' म्हणून थट्टा केली. मेख अशी की डिफेन्सने केलेले गुणही त्यात धरायचे! म्हणजे सुनेच्या स्वयंपाकाची परीक्षा, आणि सासूने केलेली भाजीही तिच्याच खात्यात. तरी शेवटी सरासरी आली १५.४. ऑक्टोबर संपता संपताच जाहीर झालं की मोसमानंतर त्यांना ठेवणार नाहीत.

यातून धागाकर्त्यांचा मुद्दा पक्का होतो असं मला वाटतं. करारात पासबद्दल एक अक्षर नव्हतं. गुण आणि विजय, बस्स.

---

नोव्हीकर | १ सप्टेंबर

मिशिगनमधून बोलतोय, एनएफएलमधल्या डेट्रॉइट लायन्सचा भक्त. तुमच्या आयोवाने आम्हाला सॅम लापोर्टा दिला त्याबद्दल साष्टांग नमस्कार. पहिल्याच वर्षी ८६ झेल, नवख्या टाइट एंडचा (भिंतीच्या टोकाला उभा राहून झेलही घेणाऱ्याचा) तेव्हाचा विक्रम, १० टचडाऊन. तुमच्याकडे शेवटच्या वर्षी त्याने किती टचडाऊन पकडले होते? एक! अहो, सोन्याची वाटी घरात आणि ताक प्यायला द्रोण.

आणि तुमचाच जॉर्ज किटल? कॉलेजच्या सगळ्या वर्षांत मिळून त्याचे झेल पन्नाशीच्या आत. एनएफएलमध्ये गेल्यावर जगाला कळलं तो काय आहे ते. हॉकेन्सन आणि फँट हे तुमचे दोन टाइट एंड एकाच वर्षी पहिल्या फेरीत गेले. म्हणजे टाइट एंड बनवण्याचा कारखाना आयोवात, वापर बाहेर.

---

मक्याच्या_शेतातून | १ सप्टेंबर

नोव्हीकर, मीठ चोळा. :)

पण याची दुसरी बाजू आहे. टाइट एंड हा आपला रोजचा वरणभात. तो मैदानाच्या मधोमध, आठ-दहा यार्डांवर असतो. कडेने सुसाट पळून डिफेन्सला ताणणारा वाइड रिसीव्हर नसेल, तर सगळे बचावपटू मध्येच गोळा होतात आणि वरणभातही मिळत नाही. २०२३ मध्ये तर टाइट एंडही गेले: लूक लाची सप्टेंबरमध्ये जखमी, एरिक ऑल १४ ऑक्टोबरला विस्कॉन्सिनविरुद्ध. अर्धा मोसम बाहेर बसूनही वर्षअखेर पासवर सर्वाधिक यार्ड ऑलच्याच नावावर, २९९. बाकीच्यांनी काय केलं ते यातच आलं.

आता पंतांच्या भाच्याचा चार्ली जोन्स. २०२१ मध्ये आमच्याकडे त्याने वर्षभरात २१ झेल घेतले. पंट परत आणण्यात तो बिग टेनमध्ये पहिला, म्हणजे चेंडू हातात आला की काय करू शकतो हे सगळ्यांना दिसत होतं. २०२२ मध्ये तो उठून पर्ड्यूला गेला. तिथे झेल किती? ११०. यार्ड १,३६१, टचडाऊन १२. माणूस तोच, लीग तीच, एका उन्हाळ्याचा फरक.

मला वाटतं २०२२ नंतरची सगळी गोष्ट या एका माणसात आहे. टेक्सास-फ्लोरिडातल्या अठरा वर्षांच्या रिसीव्हरने हे आकडे बघितल्यावर तो आयोवा सिटीत कशाला येईल? जे आले होते तेही गेले: टायरोन ट्रेसी पर्ड्यूला, कीगन जॉन्सन कॅन्सस स्टेटला, अर्लंड ब्रूस ओक्लाहोमा स्टेटला. रिसीव्हर नाहीत म्हणून पास नाही, पास नाही म्हणून रिसीव्हर येत नाहीत. लग्न ठरत नाही तोवर वेड जात नाही आणि वेड जात नाही तोवर लग्न ठरत नाही, तशी गत.

---

सीडर_रॅपिड्सचे_काका | २ सप्टेंबर

सगळं मान्य, पण शेवटी चेंडू टाकायचा हात कोणाचा? २०२३ मध्ये डीकन हिलने टाकलेले निम्म्याहून जास्त पास पोचले नाहीत. ५ टचडाऊन, ८ इंटरसेप्शन (समोरच्यांनी पकडलेले पास). मोकळा उभा असलेला गडी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय, पास त्याच्या डोक्यावरून तिसऱ्या रांगेत. याला भिंत काय करणार आणि रिसीव्हर तरी काय करणार? यूटा स्टेटचं तुम्ही सांगता, पण तिथली लीग काय आणि बिग टेन काय!

---

मक्याच्या_शेतातून | २ सप्टेंबर

लीगचा मुद्दा मान्य, तिथे मी जरा ताणलं. हिलचंही मान्य. पण काका, तो मुळात दुसऱ्या फळीतला. मॅकनमारा पडल्यावर अचानक उभा केला. आणि उभा केल्यावरही जिंकलोच की! नॉर्थवेस्टर्न १०-७, इलिनॉय १५-१३, नेब्रास्का १३-१०. प्रशिक्षकाच्या जागी बसून बघा. या पोराने आणखी दहा पास टाकले तर दोन समोरच्याच्या हातात जाणार. आपल्या पंटरने, टॉरी टेलरने, पंट मारला तर चेंडू समोरच्याच्या दहा यार्डांवर जाऊन पडणार. तुम्ही काय निवडाल?

त्या वर्षी टेलरने ९३ पंट मारले, एकूण ४,४७९ यार्ड. १९३८ पासूनचा विक्रम मोडला. मेलबर्नचा पोरगा, सर्वोत्तम पंटरचा रे गाय पुरस्कार घेऊन गेला, शिकागो बेअर्सने त्याला चौथ्या फेरीत उचलला. त्याच्या नावाचे 'पंटिंग इज विनिंग' लिहिलेले टी-शर्ट इथे क्वार्टरबॅकच्या जर्सीपेक्षा जास्त दिसायचे. माझ्या मुलाकडे आहे. आठ वर्षांचा असताना टचडाऊन मागायचा, दहाव्या वर्षी पंटला टाळ्या वाजवायला लागला. सवय कशी लागते बघा.

---

आकडेमोड | २ सप्टेंबर

२०२४ चं कोणी बोलतच नाहीये. ब्रायन गेले, ऑफेन्सचे प्रमुख म्हणून टिम लेस्टर आले. केलेब जॉन्सन धावला १,५३७ यार्ड, गुणांची सरासरी १५ वरून २७ च्या पुढे गेली. पास? देशाच्या तळातल्या टोळक्यात होता, तिथेच राहिला. मुलगा गेला तरी पास तोच. काका, आता घराणेशाहीला किती मार्क देणार?

---

सीडर_रॅपिड्सचे_काका | २ सप्टेंबर

मुलगा गेला, बाप आहेच ना.

---

आकडेमोड | २ सप्टेंबर

हे मात्र बरोबर.

---

मक्याच्या_शेतातून | ३ सप्टेंबर

काकांचं शेवटचं वाक्य मी मूळ धाग्यात टाकायला हवं होतं. फक्त मी त्याला नात्याचा प्रश्न म्हणणार नाही. वृत्तीचा म्हणेन. लेस्टरने धावण्याची बाजू खरोखर सुधारली. स्नॅपच्या आधी माणसं इकडून तिकडे हलवतो, डिफेन्सला विचार करायला लावतो. पण आघाडी मिळाली की वरून निरोप येत असणार, "सांभाळून." हा माझा अंदाज, बातमी नव्हे. ऑल्बनीविरुद्ध तिसऱ्या क्वार्टरला मॅच खिशात होती. नव्या क्वार्टरबॅकला आणि नव्या रिसीव्हरना एकमेकांची लय सापडायला याहून बरा दिवस मिळणार नव्हता. टाका ना वीस पास! पडले तर पडले. नाही टाकले. वर्षातून एकदाच पुरण, तेही पाहुणे दारात आल्यावर.

ग्रोनोव्स्कीच्या खांद्याचं हिवाळ्यात ऑपरेशन झालंय, वसंतातला सराव त्याला मिळाला नाही, हे त्याच्या बाजूने धरायला हवं. शनिवारी एम्सला, आयोवा स्टेटविरुद्ध, खरी परीक्षा.

---

एम्सवाली | ४ सप्टेंबर

दादा, आम्ही सायक्लोन्सवाले (आयोवा स्टेटचे) गप्प वाचत होतो. आमच्याकडे शनिवारी सकाळी ११ ला किकऑफ आहे आणि त्याच दिवशी अनंत चतुर्दशी. आमच्या लॅबमधल्या चौघींचा गणपती आहे. विसर्जन आधी की मॅच आधी यावर मतदान चालू आहे. पैज लावता का? तुमच्या क्वार्टरबॅकचे १०० यार्ड झाले तर आम्ही एक किलो पेढे करून आयोवा सिटीला आणून देऊ. नाही झाले तर तुम्ही आणायचे.

---

मक्याच्या_शेतातून | ४ सप्टेंबर

लागली. आमचंही बादलीतलं विसर्जन आहे, डेकवर. बायकोने निकाल दिलाय: उत्तरपूजा हाफटाइमला, आणि आरतीच्या वेळी टीव्ही बंद. नुसता म्यूट चालणार नाही.

---

एम्सवाली | ६ सप्टेंबर

१६-१३. सायक्लोन्स.

पास २४, पोचले १३, यार्ड ८३.

वेलची जरा जास्त घाला, दादा.

---

सीडर_रॅपिड्सचे_काका | ६ सप्टेंबर

मी काही बोलत नाही.

---

मक्याच्या_शेतातून | ७ सप्टेंबर

खवा कोरलव्हिलच्या दुकानात मिळाला, मंगळवारी येतो. ८३ म्हणजे गेल्या आठवड्याच्या जवळजवळ दुप्पट आहेत, हे काकांच्या लक्षात आलेलं दिसत नाही.